पाचवी ब, रोल नंबर सतरा

— नाही नाही, उठू नका ताई, खुर्ची तुमचीच, मी आपला या कपड्यांच्या टोपलीवर टेकतो — उलटी केली की छान बसता येतं, मी रोज असाच बसतो — आणि तुमचे कपडे व्हायला अजून अवकाश आहे, हा ड्रायर फार आळशी आहे, वरचा दिवा हिरवा झाल्याशिवाय दारच उघडत नाही, मी सगळं करून पाहिलंय, एकदा लाथसुद्धा मारली, म्हणजे मारली असं नाही, पाय लागला. तर काय सांगत होतो? हां, मराठी! तुम्ही मघाशी फोनवर कोणाला तरी म्हणालात ना, "डोकं खाऊ नकोस गं माझं" — मी जिन्यातच थबकलो. केवढं बरं वाटलं म्हणून सांगू! इतक्या महिन्यांत घरच्यांखेरीज कोणी असं मनापासून वैतागलेलं ऐकलं नव्हतं. म्हटलं देवानेच धाडलं हिला — म्हणजे देव आहे की नाही याबद्दल माझं अजून काही ठरलेलं नाही, पण धाडलं कोणीतरी. कारण मला एक सल्ला हवाय. छोटासा. तुमचे कपडे वाळेपर्यंत होईल. तुम्ही काय करता? — दातांच्या डॉक्टर! वा वा. म्हणजे एरवी समोरच्याचं तोंड उघडं आणि बोलणार तुम्ही. आज जरा उलटं होईल, चालेल ना?

हा टॉवेल? माझाच. हो, मशीनमध्ये एकटाच फिरतोय. नाही, मळलेला नाहीये. रोज धुतो त्याला. त्यामागे एक कारण आहे, ते येईल ओघात — इथला केअरटेकर मला फार स्वच्छताप्रिय समजतो, मला पाहिलं की आपले हात मागे लपवतो बिचारा. मी काही बोलत नाही. गैरसमज दूर करायचा म्हणजे खरं सांगावं लागतं, आणि खरं सांगायला सुरुवात कुठून करायची हाच तर माझा प्रश्न आहे. बघा, मी आयुष्यभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं. डॉक्टरेट केली. विषय होता, माणसाला कशाचीही खात्री असू शकते का? इतकी वर्षं लागली त्याला की मार्गदर्शक सर म्हणाले, "अहो, प्रबंध झाला का पुरा?" मी म्हटलं, सर, खात्रीने सांगता येत नाही. ते हसले. मी विनोद केलाच नव्हता.

तर आम्ही चौघं. मुलगा, सून, नात आणि मी. सून पुलांची इंजिनियर आहे — जुने पूल तपासायचे, कुठे गंजलाय, कुठे चिरलाय, अजून किती तग धरेल ते लिहून द्यायचं. एक पूल झाला की पुढचं गाव, तो झाला की पुढचा देश; या खेपेला मात्र मुक्काम इथेच, आसपास पूलच फार. मोठं काम मिळालंय तिला, तिच्या हापिसात बाकी कोणाला मिळालं नाही. मुलाचं काम लॅपटॉपवर, तो कुठेही बसू शकतो, लहानपणापासून एकदा बसला की उठत नसेच. नात पाचवीत. तिला आम्ही मुंगी म्हणतो, कारण ती कुठल्याही फटीत शिरते. आणि मी — मला घरी एकटं कुठे ठेवायचं म्हणून घेतलेलं सामान. नाही, तसं कोणी म्हणत नाही हो! सून तर म्हणाली होती, "बाबा, तुम्ही आलात तर मुंगीच्या शाळेचं सोपं होईल." कारण शाळा तिकडची, ऑनलाइन; तिकडे सकाळ असते तेव्हा इकडे भर दुपार. आणि शाळेचा नियम असा की तास चालू असताना शेजारी घरातलं एक मोठं माणूस पाहिजे. मोठं माणूस मीच उरलो होतो. निघायच्या आदल्या दिवशी मी सगळ्यांना सांगितलं, "शाळेचं मी बघतो." ताई, त्या वाक्यात मी खोटं काहीच बोललो नव्हतो. बघतोच आहे.

सुरुवात? सुरुवात एका पोकळ पुलाने झाली. म्हणजे पूल बाहेरून भरीव दिसतात, पण काही काही आतून पोकळ असतात म्हणे, आत शिडीने उतरता येतं, वरून गाड्या जातात आणि आपण त्यांच्या पोटात. सुनेला एका दुपारी आत जायचं होतं. मुंगी म्हणाली मला यायचंय. शाळा? तर मुंगीने माझ्याकडे असं पाहिलं — तुम्हाला नातवंडं नसतील अजून, पण होतील तेव्हा कळेल, ते बघणं फार वाईट असतं — आणि म्हणाली, "आबा, तुम्ही नुसतं 'हजर' म्हणा. बाकी काही बोलू नका." आणि सुनेला मी म्हणालो, जाऊ दे तिला, मी जमवलंय शाळेशी, संध्याकाळी रेकॉर्डिंग बघेल. ती बघायचीच हो रेकॉर्डिंग! अजूनही बघते, जेवणाआधी, सगळं वहीत उतरवते, पोरगी हुशार आहे. आणि कॅमेऱ्याचा प्रश्न नव्हता, प्रवासातल्या मुलांना कॅमेरा माफ आहे, नेटवर्क ओढतं म्हणून. कॅमेरा माफ, हजेरी माफ नाही. ती द्यावी लागते. तर मी या इथे, याच टोपलीवर बसलो — वायफायचा डबा त्या भिंतीमागे आहे, वर खोलीत चित्र अडकतं, इथे एकदम चकाचक — आणि मिस म्हणाल्या, "रोल नंबर सतरा?" आणि मी टाइप केलं, हजर मिस. बस. एवढंच होतं.

पण मग पुढचा पूलही पोकळ निघाला. पुलांचं काही सांगता येत नाही.

आणि एक दिवस मिस म्हणाल्या, "आज सगळ्यांनी तोंडाने हजेरी द्यायची." झालं! मला घाम. सोळा नंबर झाला, माझी पाळी — मी डोळे मिटले आणि — थांबा, तुम्हाला करूनच दाखवतो, कोणी येत नाहीये ना? — "हजर, मिस!" असं. हसू नका. हसा, हसा. पातळ आवाज काढला की मला मध्येच खोकला येतो. मिस म्हणाल्या, "सतरा नंबर, घसा बसलाय का बाळा?" बाळा! मला कोणी बाळा म्हटल्याला, ताई, जमाना झाला. मी म्हटलं, हो मिस, हवा बदलली ना. तर सगळ्या वर्गाने विचारपूस केली, कोणी म्हणे गुळण्या कर, कोणी म्हणे आइस्क्रीम खा, एकाने फळ्यावर मोर काढून पाठवला. तेव्हापासून हा टॉवेल. मशीन फिरत असलं की पाठीमागे घरघर राहते, आवाजात आवाज मिसळून जातो, खोकला लपतो. फक्त मशीन रिकामं फिरत नाही, आत काहीतरी टाकावं लागतं — म्हणून टॉवेल. बिचाऱ्याची पार जाळी झालीय धुऊन धुऊन. थांबा, झालं धुऊन, काढतो बाहेर — अहो, बघा ना, यातून तुम्ही दिसताय मला.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्यात काय बिघडलं? नुसतं हजर म्हणायचं नि गप्प बसायचं. मुंगीने तेच सांगितलं होतं. पण वर्गात कोणी प्रश्न विचारला आणि उत्तर देणारा कोणी नसला की मला राहवत नाही, धंद्याची सवय. पहिला प्रश्न आला, चूक की बरोबर सांगा — झाडे आपल्याला सावली देतात. आता मला सांगा. दुपारी देतात. पानं असतील तर देतात. आपण झाडाखाली असलो तर देतात. 'देतात' म्हणजे झाडाचा तसा काही हेतू असतो का? मी लिहिलं, परिस्थितीवर अवलंबून. शून्य! मग जोड्या लावा. त्यात घुबड, घोडा, मासा आणि तबेला, पाणी, ढोली. मी लिहिलं की घोड्यालाही पाणी लागतं, तेव्हा दोन उत्तरं संभवतात. शून्य. त्रिकोणाला बाजू किती, तर मी विचारलं, कुठल्या पृष्ठभागावर? मिसनी पुढे लिहिलं, 'प्रश्नाला प्रश्नाने उत्तर देऊ नये.' ताई, मी पदवीच्या मुलांना इतकी वर्षं हेच शिकवलं, की प्रश्नाला प्रश्नाने उत्तर द्या! तेव्हा चुकलो की आता चुकतोय? रात्रभर — बरं, जाऊ दे. सहामाहीत पाचवीच्या परिसर अभ्यासात मला 'सुधारणेस वाव' मिळाला. मला! घरी प्रगतिपत्रक आलं तेव्हा मुलगा म्हणाला, "अरेच्चा, मुंगीचं परिसर कच्चं आहे वाटतं." मी म्हटलं, छे छे, पेपर काढणाऱ्याचं कच्चं असेल. इतक्या जोरात म्हटलं की माझं मलाच ऐकू आलं.

पण एक सांगू? मजा येत होती. खोटं कशाला बोलू — म्हणजे सगळीकडे बोलतोय, निदान तुमच्याशी कशाला. मी लहानपणी पहिल्या बाकावर बसणारा. डोळे अधू, आणि वडील त्याच शाळेत मास्तर. मागच्या बाकावर काय चालतं ते मला कधी कळलंच नाही. आता कळलं! मागच्या बाकावर गप्पा चालतात. बावीस नंबर आहे ना, तीही कॅमेरा बंद ठेवते, मला गुपचूप निरोप पाठवत असते. फार गोड मुलगी, फार समजूतदार. परवा गणिताच्या तासाला लिहिते, "हे नव्या पद्धतीचे भागाकार काही डोक्यात शिरत नाहीत बाई, आमच्या वेळी सोपे होते." आमच्या वेळी! चौथीत असेल तेव्हाचं म्हणत असेल. मध्येच लिहिते, थांब हं, डोळ्यात थेंब घालून येते. एकदा तर म्हणाली आज पाय फार सुजलेत. मी म्हटलं, मैदानावर हुंदडतेस फार. त्यावर हसरा चेहरा. हल्ली मुलांना किती लवकर चष्मे लागतात नाही? — असं काय बघताय? काय झालं? काही नाही? बरं. मला वाटलं माझ्या दाताला काही लागलंय.

तर घोळ झाला तो निबंधाने. विषय आला, मी मोठेपणी कोण होणार. मिस म्हणाल्या, तासातच लिहून पाठवा, मनापासून लिहा, कोणाची मदत घेऊ नका. मी कोणाची मदत घेतली नाही. मनापासून लिहिलं. लिहिलं की — मला पाठच आहे, खोटं नाही — 'मोठी होण्यासारखं आता काही शिल्लक राहिलेलं नाही. जे व्हायचं ते होऊन गेलं, आणि ते नीट झालं का याबद्दल मनात शंका आहे. सध्या मी सकाळी उठून गुडघा वाकतो का तेवढं पाहते.' बघा, 'पाहते' लिहिलं! तेवढं अवधान ठेवलं होतं. 'माझ्या बरोबरीचे बरेच जण आता नाहीत. लोक मला घेऊन हिंडतात, पण मी त्यांच्या उपयोगाची आहे की नाही ते विचारायचं धाडस होत नाही.' आणि शेवटी, निबंधाचा शेवट आशादायक असावा असा संकेत आहे म्हणून, 'तरी भूक चांगली लागते.' पाठवून दिलं. फार मोकळं वाटलं. तुम्हाला सांगतो, असं मी प्रबंधातही लिहू शकलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी शाळेचं पत्र. मुलाने जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचलं. 'आपली पाल्य अत्यंत खचलेली आहे. तिला जगण्याचा वीट आला असावा. सततच्या परदेश प्रवासाचा तिच्या कोवळ्या मनावर आणि गुडघ्यांवर परिणाम झाला आहे. प्रवास तातडीने थांबवून तिला प्रत्यक्ष वर्गात बसवावे, अन्यथा पुढील वर्गात घालण्याचा विचार करता येणार नाही.' आणि पालकांची भेट, ऑनलाइन, मुलीसह, कॅमेरा चालू ठेवून. निबंध मात्र पाठवला नाही, तो म्हणे भेटीतच वाचून दाखवणार. मुंगी तेव्हा खिडकीबाहेर अर्धी लोंबकळत होती, मांजराशी बोलत होती. सून उठून आत गेली आणि नळ सोडून उभी राहिली — नुसती उभी, हातात एक भांडं नव्हतं. आणि मी काय केलं माहितीये? मी मीठ मागितलं. हो. म्हटलं, जरा मीठ दे रे इकडे.

त्या दिवसापासून पोरीचे हाल विचारू नका. हाल म्हणजे लाडच, पण फार. सून येताजाता तिच्या कपाळाला हात लावते. मुलगा तिला विचारतो, "बेटा, तुला आमच्याशी काही बोलायचंय का?" ती म्हणते, "हो, मला ड्रिल मशीन पाहिजे." आणि संध्याकाळी दोघं मिळून तिच्या गुडघ्यांना तेल लावतात. तिच्या! ती आरामात पाय पसरून कॉमिक वाचते, तिला वाटतं परदेशात असंच करतात. मी शेजारी बसलेला असतो, माझे गुडघे करकर वाजताहेत, आणि वाटी तिच्याकडे. परवा धीर करून म्हटलं, थोडं तेल उरलंय का? सून म्हणाली, "बाबा, आत्ता नको ना."

कशाला गप्प बसलात असं म्हणायचंय तुम्हाला. बरोबर आहे. चेहऱ्यावर दिसतंय तुमच्या. पण दोन्ही बाजू बघा. सांगावं, तर मुलीची अख्ख्या वर्षाची हजेरी खोटी ठरते, शाळेने तिला काढलंच तर? न सांगावं, तर उरलेले पूल राहतात. सुनेचं सगळं वर्ष ज्यासाठी होतं तो शेवटचा मोठा पूल, दोन डोंगरांच्या मधला, तो राहतो. मुंगीला त्याच्या आत जायचंय, ती आत्तापासून चमचा घेऊन सगळ्या वस्तूंवर ठोकत हिंडते, आवाजावरून पोकळ ओळखायचं शिकलीय आईकडून. भिंती झाल्या, बाथटब झाला, परवा माझ्या कपाळावर ठोकून म्हणाली, "आबा, भरीव आहे, पण आत काहीतरी हलतंय." तेव्हा सांगणंच योग्य, नाही का? पण सांगितलं तर मुलगा म्हणेल, बाबा, एवढं एक काम तुमच्यावर सोपवलं होतं. तो ओरडणार नाही हो. ओरडला तर परवडेल. तो नुसता चष्मा काढून पुसेल. मग पुढच्या प्रवासात मला नेतील का? की म्हणतील, बाबांना आता झेपत नाही — आणि मग मी तिकडे, फ्लॅटमध्ये, वर्तमानपत्रवाला आणि मी. तोही दारातून फेकतो, थांबत नाही.

आणि आणखी एक आहे. नाही, ते नाही सांगत. त्याचा काही संबंध नाही. — बरं, ऐका, पण तुम्ही डॉक्टर आहात, बाहेर बोलायचं नाही. गेल्या आठवड्यात पूल नव्हता. सुट्टी होती सुनेला. मुंगी आपण होऊन माझ्याकडे आली, वेणी घालून, दप्तर घेऊन, म्हणाली, "आबा, आज मी बसते वर्गात. अपूर्णांक सुरू होणारेत, मला मिसना विचारायचंय." आणि मी — मी म्हटलं, नेटवर्क नाहीये आज. हो! नेटवर्क झकास होतं. पाची दांड्या. पण त्या आठवड्याला मिसनी सतरा नंबरला मॉनिटर केलं होतं हो! एका आठवड्याचा मॉनिटर. सकाळी सर्वांना सुविचार सांगायचा, कोण म्यूट नाही त्याचं नाव लिहायचं. आमच्या शाळेत मला कधी केलं नाही, वडील मास्तर होते ना, लोक काय म्हणतील म्हणून त्यांनीच होऊ दिलं नाही. तर मी म्हटलं, नेटवर्क नाही, बाळा, जा खेळ. ती गेली. आणि मी खाली येऊन टॉवेल टाकला मशीनमध्ये आणि सगळ्या वर्गाला सुविचार सांगितला. 'नेहमी खरे बोलावे.' — तुम्ही पण चष्मा पुसायला लागलात? तुम्हाला पण चष्मा आहे का! मघाशी नव्हता.

भेट कधी? आज. आत्ताच. म्हणजे आता येतीलच सगळे खाली, वर चित्र अडकतं ना. म्हणून तर विचारतोय तुम्हाला घाईघाईने. मी ठरवलंय असं समजा — भेट सुरू व्हायच्या आधीच सांगून टाकायचं, इथेच, तुमच्यासमोर. परकं माणूस असलं की घरचे जरा सांभाळून घेतात. म्हणून तुम्ही जाऊ नका. कसं सांगू? 'मला काही बोलायचंय' असं? की आधी थोडी पार्श्वभूमी, शिक्षणपद्धतीबद्दल वगैरे? नको. सरळ. सरळ सांगतो. मुंगी खचलेली नाही, खचलोय तो — नाही, खचलेलो मीही नाही, भूक चांगली लागते —

आले. हे सुनेचे बूट. थांबा हं, माझा चेहरा बरा आहे ना? ये, ये गं, सांभाळून, पायरी ओली आहे. या ताई, आपल्याकडच्याच, दातांच्या डॉक्टर. नाही नाही, त्यांना कशाला उठवतेस, त्यांचे कपडे आत अडकलेत, त्या काही ऐकत नाहीयेत. तू बस या टोपलीवर. मी उभा राहतो. अगं राहतो म्हटलं ना, गुडघ्यांना काही होत नाही माझ्या. मुंगे, ड्रायरवर चमचा वाजवू नकोस, हो, पोकळच आहे तो, शाबास. — टॉवेल? कोणाचा कोण जाणे. — काय म्हणालीस? मेल लिहून ठेवलास? कुठला मेल? शेवटचा पूल सोडते असा? अगं पण — नाही, पाठवू नकोस! म्हणजे भेट झाल्यावर पाठव. म्हणजे भेट झाल्यावरही — मला एक — सगळ्यांना एक सांगायचं होतं — नाही, काही नाही, तहान लागलीय. आहे, पाणी आहे माझ्याकडे. तू रडू नकोस बघू. अरे, तिला रुमाल दे. हा टॉवेल घे, ओला आहे जरा, पण घे.

ताई, तुम्ही मला ढोसू नका, मी सांगतोय, सांगतोय, फक्त वाक्य जुळवतोय. लागलं वाटतं ते. हो, ह्या मिस. दिसतायत. पहिल्यांदाच बघतोय मी एवढ्या जवळून, किती लहान आहे हो पोर, विशीतली असेल. मुंगे, नीट बस, केस कानामागे घे. कॅमेरा चालू आहे. सगळे दिसतोय आपण. हा ड्रायर किती घरघरतोय, काही ऐकूच येत नाहीये, काय म्हणतायत त्या? नियमाप्रमाणे आधी हजेरी? आता कसली हजेरी —

थांबला की. एकदम थांबला.

— हजर, मिस!

...

नाही मिस. घसा बसलेला नाही मिस. तो असाच आहे. — हो, निबंधसुद्धा. — हो, झाडाची सावलीसुद्धा. — मुंगे, हसू नकोस. अरे, चष्मा काय पुसतोस, घाल तो, घाल आणि बघ माझ्याकडे. सूनबाई, तू तेवढा तो मेल खोडून टाक. आधी खोड, मग बोल मला काय बोलायचं ते. मी इथेच उभा आहे.

ताई, तुमचा हिरवा दिवा लागला. काढून घ्या कपडे, आणि या तुम्ही आता. — टॉवेल? राहू द्या तो तिच्याकडेच. स्वच्छ आहे.